न चाखलेलं पातेलं

तिला सगळे आलेबाई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. पण पाडलेलं नाव अंगठीसारखं असतं, एकदा बोटात बसलं की साबण लावूनही निघत नाही. तिला ते काढायचंही नव्हतं. एखादी बाई पोरांच्या मार्कांवर मिरवते, एखादी गळ्यातल्या साखळीवर. ही आपल्या ठेचलेल्या आल्यावर मिरवायची. थंडीच्या रविवारी सकाळच्या उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये जे गरम पेय मिळायचं ते तिच्या हातचं असायचं, आणि त्यात आलं असायचं. हात न आखडता घातलेलं.

एरवी ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. बुटकी, रुंद खांद्यांची, ओल्या चादरी ओढून ओढून दंड पहिलवानासारखे झालेले. लाँड्रीत दिवसभर वाफ, आणि वाफेत ब्लीचिंग पावडरीचा झणका. बाकीच्या बायका तोंडाला फडकं बांधत, डोळे पुसत, खोकत. ही उघड्या तोंडानं डब्यात हात घालायची आणि वर म्हणायची, "तुम्ही मेल्या लोण्याच्या. माझं नाक लोखंडी आहे." बायका हसायच्या. तीही हसायची.

घरात ती होती आणि तिचा नवरा होता. नवऱ्याचं चौकातल्या जिन्याखाली किल्ल्या बनवायचं दुकान होतं, दुकान म्हणजे एक पाट, एक यंत्र आणि तारेत ओवलेल्या शेकडो किल्ल्या. त्याला सगळे कुलूपवाला म्हणत. माणूस गरीब, मितभाषी. शेजारीण म्हणायची, "यांच्या दुकानात कुलपं विकायला आहेत आणि एक ओठांवर लावायला ठेवलंय." आलेबाईला त्याचं कौतुकच होतं. घरातलं बाहेर न सांगणारा नवरा म्हणजे अर्धं सुख. बाहेरचं घरात न सांगणाराही तोच असतो, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

स्वयंपाकघराचे तिचे नियम पक्के होते आणि ते सासूकडून आलेले होते. सासू म्हणायची, देवबापानं वर्षाचं ताट वाढून ठेवलंय. जी वाटी समोर आहे ती खायची. पुढची वाटी हात घालून ओढायची नाही, लहान पोरासारखं. म्हणून या घरात कोवळा पाला निघाला की पाला, उन्हाळ्यात काकडी आणि टरबूज, पानं गळायला लागली की भोपळा आणि नासपती, आणि थंडीत जमिनीखाली वाढलेलं जे असेल ते: गाजर, बीट, सलगम, कांदा. थंडीत टोमॅटो घरात यायचा नाही.

"अगं, बाजारात आलेत म्हणजे कुणीतरी पिकवलेच असतील ना?" कुलूपवाला कधीतरी म्हणायचा.

"पिकवले नाहीत, पिकायला लावलेत. थंडीत टोमॅटो खायचा म्हणजे देवबापाच्या पाठीमागून फडताळ उघडायचं."

"एका टोमॅटोनं देवबाप रागवेल?"

"रागवणार नाही. पण त्याला कळेल, यांना वाट बघता येत नाही."

यात तिचा सगळा धर्म होता. तिला प्रवचनातलं अर्धं कळायचं नाही, गाण्याच्या वरच्या पट्टीत तिचा आवाज फाटायचा. पण वाट बघणं तिला कळत होतं. प्रभूच्या जन्माची वाट बघायचे ते थंडीतले आठवडे तिला वर्षातले सर्वांत खरे वाटत. झाडावर काही नाही, बाजारात काही नाही, आणि आपण मात्र धीर धरून बसलोय. अशा वेळी पानगळीत वाळवून ठेवलेली नासपती गरम पाण्यात फुगताना बघणं म्हणजे तिला प्रार्थनेला उत्तर आल्यासारखं वाटे.

डब्यातल्या फळांवर तर तिचा दात होता. जावेनं एकदा घरी पीचच्या फोडींचा डबा फोडला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "हे फळ आहे का मुडदा? साखरेत बुडवून ठेवलाय नुसता."

जाऊ म्हणजे तिच्या दिराची बायको, धाकटी. बेकरीच्या काउंटरवर उभी राहायची, हसरी, हाताला चटपटीत, तोंडाला गोड. सासू गेली तेव्हा चर्चचं मोठं पातेलं कुणी चढवायचं हा प्रश्न निघाला होता. निघाला म्हणजे काय, सासूनं जायच्या आधी थोरलीला, म्हणजे आलेबाईला, बोलावून सांगितलं आणि प्रश्न संपला. धाकटी तेव्हा दारातच उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

पातेल्याबरोबर सासूनं एक नियमही दिला होता. जिनं पातेलं चढवायचं तिनं ते चाखायचं नाही. चढवताना नाही, वाढतानाही नाही. पूर्ण थंडी तिचा तो उपवास. पहिला कप कुणी अनोळखी असेल त्याला, मग मंडळीला, आणि करणारीला काहीच नाही. "मग बरोबर झालं की नाही कसं कळणार?" आलेबाईनं विचारलं होतं. सासूनं नाकावर बोट ठेवलं होतं. "वास सांगतो. आल्याचा वास डोळ्यांच्या मध्ये लागला की बास."

तर आलेबाई वासावर करायची. रविवारी पहाटे चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवायची, पाणी उकळलं की वाळलेली नासपती, दालचिनी, लवंगा, संत्र्याची साल आणि ठेचलेलं आलं. झाकण काढून तोंड खाली न्यायचं, वाफ घ्यायची, डोळे मिटायचे. डोळ्यांच्या मध्ये लागलं नाही की अजून आलं. अजून नाही लागलं की अजून. अलीकडे आलंच कसं हलकं यायला लागलंय, असं ती भाजीवाल्याशी भांडायची. "पूर्वी एवढ्याशा तुकड्यात काम व्हायचं. आता पोतं लागतं. माती नुसती."

भाजीवाला म्हणायचा, "बाई, तुमच्यासाठी पोतं आणतो, पण मातीला बोल लावू नका."

शेवटी मध घालून पातेलं उतरवलं की तिचं काम संपलं. पूर्वी ती स्वतः हॉलमध्ये कप वाटायची. पण लाँड्रीत रविवारची पाळी लागल्यापासून तिला उपासना संपताच धावत बस धरावी लागे. तेव्हापासून धाकटीनं पुढचं अंगावर घेतलं होतं. पेय मोठ्या थर्मासात भरायचं, गाडीवर ठेवून बोळातून हॉलमध्ये न्यायचं, वाटायचं, कप धुवायचे. आलेबाई मनातून तिची ऋणी होती. माणसं जोडून ठेवलेली बरी, असं ती नवऱ्याला म्हणायची. धाकटीला पातेलं मिळालं नाही, पण तिनं मनात ठेवलं नाही.

आणि मंडळी सांगायची, "आलेबाई, छान झालं होतं हो." बसस्टॉपवर भेटली तरी, बाजारात भेटली तरी. छान झालं होतं. कुलूपवालाही घरी तेच म्हणायचा. घरच्या सुपात तो अलीकडे हळूच गरम पाणी ओतून घ्यायचा. "घसा नाजूक झालाय," असं कारण सांगायचा. आणि तिनं बनवलेलं संपवायचा, पानात काही टाकायचा नाही.

त्या रविवारी लाँड्रीचा बॉयलर बंद पडला. निरोप आला, आज येऊ नका. आलेबाईला रविवारची सकाळ कुणीतरी बक्षीस दिल्यासारखी वाटली. शेवटचं गाणं संपलं, लोक हॉलकडे गेले, आणि ती बस धरायची सोडून पहिल्यांदाच सावकाश उठली. हॉलमध्ये जावं, तर आपलीच स्तुती ऐकायला आल्यासारखं दिसेल. त्यापेक्षा धाकटीला कप धुवायला हात द्यावा. ती बाजूनं धुवायच्या खोलीत गेली.

खोलीत कुणी नव्हतं. नळाखाली पहिले रिकामे कप येऊन पडले होते. तिनं बाह्या वर केल्या, एक कप उचलला आणि थांबली. तळाशी फळाचा तुकडा होता. पिवळा, चौकोनी, फाशासारखा एकसारखा कापलेला. तिनं दुसरा उचलला. त्यातही. तिसऱ्यातही.

ती नासपती देठासकट उभी चिरायची. वाळली की ती तपकिरी, सुरकुतलेली, म्हाताऱ्या कानासारखी दिसायची. असले चौकोनी तुकडे झाडावरच्या फळाचे होत नाहीत. हे डब्यातले पीच होते.

आधी तिला वाटलं, धाकटीनं वरून घातले असतील, जरा शोभेला. तिला राग आला, पण साधा, रोजचा, जावेजावेतला. मग तिनं कप उजेडात धरला. उरलेलं पेय फिकट सोनेरी होतं. तिचं पेय चहाच्या चोथ्यासारखं गडद असायचं.

मागच्या अंगणात पाणी पडल्याचा आवाज आला. तिनं मागचं दार ढकललं.

चर्चचा राखणदार, ज्याला सगळे घंटामामा म्हणत, गटाराशी वाकला होता. त्याच्या हातात मोठा थर्मास उलटा होता. त्यातून वाफ निघत होती, आणि गटाराच्या जाळीवर आलं, लवंगा, साली आणि फुगलेली नासपती यांचा ढीग साचला होता. म्हातारे कान, एकावर एक.

जाळीच्या वरची भिंत गुडघ्याएवढी तपकिरी झाली होती. हा डाग तिनं पूर्वीही पाहिला होता. तिनंच एकदा विचारलं होतं, "मामा, नळ गळतोय का? भिंत बघा कशी झालीय." आणि तो म्हणाला होता, "गंज आहे बाई, जुन्या पायपाचा."

घंटामामानं वर पाहिलं. थर्मास त्याच्या हातातून सुटला नाही, तो तसाच उलटा धरून राहिला, शेवटचे थेंब पडेपर्यंत.

"गंज," ती म्हणाली.

"बाई, आज... तुमची पाळी नव्हती का?"

ती बोळात गेली. बोळाच्या मध्यावर सामानाची खोली होती, मेणबत्त्या, जादा खुर्च्या, झाडू असलं काही ठेवायची. तिचं दार तिनं कायम बंद पाहिलेलं. आज ते उघडं होतं. आत टेबलावर दुसरा थर्मास, शेजारी पीचचे फोडलेले डबे, साखरेच्या पाकाची बाटली. दाराला किल्ली लोंबत होती, धाकटीच्या बेकरीच्या लाल फितीत बांधलेली. आलेबाईनं किल्ली हातात घेतली. किल्लीच्या डोक्यावर कानशीनं ओढलेली एक तिरकी रेघ होती.

चौकातल्या जिन्याखाली बनणाऱ्या प्रत्येक किल्लीवर अशीच तिरकी रेघ असायची. "माझा माल ओळखू यावा म्हणून," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा.

डब्यातलं पीच तिनं सहन केलं असतं. गटारातली नासपतीसुद्धा, कदाचित. पण ही किल्ली करायला तो खाली बसला असेल, यंत्र चालू केलं असेल, पत्रा घासला असेल, फुंकर मारून कीस उडवला असेल. आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाला असेल, आज धंदा बरा झाला.

धाकटी रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन बोळात आली आणि ट्रेसकट उभी राहिली.

"ताई."

"कधीपासून?"

"ताई, आत बसून बोलू. लोक ऐकतील."

"लोकांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ती मी एकटी. कधीपासून, ते सांग."

धाकटीनं ट्रे जमिनीवर ठेवला. "तुमची रविवारची पाळी लागली तेव्हापासून. मी पहिल्यांदा वाटायला घेतलं, तेव्हा एक घोट घेतला. ताई, घसा जळाला माझा. आणि नुसतं तिखट नव्हतं, कडू होतं, सालीनं आणि लवंगांनी. पेटीवाल्या मास्तरीणबाई खोकून खोकून लाल झाल्या. लोक कप खुर्च्यांखाली ठेवून जायला लागले होते."

"मग मला सांगायचं होतं."

"कसं सांगणार? तुम्ही म्हणाल, धाकटीचा डोळा आहे पातेल्यावर."

"होता ना?"

धाकटीचं तोंड गोड असायचं. आता ते नव्हतं. "होता. मला चांगलं करता येतं, ताई. सासूबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. मी दारात उभी होते."

हे तरी खरं बोलली, असं आलेबाईला वाटलं आणि तेवढ्यापुरता राग निवला. पण तोवर हॉलच्या बाजूनं पाळकसाहेब आले होते आणि त्यांच्या मागून कुलूपवाला. त्यानं आधी बायकोकडे पाहिलं नाही. तिच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

"हे सगळं प्रेमापोटी झालं, बाई," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमचं मन मोडू नये म्हणून. वाईट हेतू कुणाचाच नव्हता."

"साहेब, प्रेम होतं तर एकानं तरी एक घोट घेऊन माझ्यासमोर तोंड वाकडं करायचं होतं." तिचा आवाज चढला नाही, लाँड्रीत मोठ्यानं बोलणारी बाई ती, इथे मात्र हळू बोलत होती. "मी ते तुम्हाला देत नव्हते. मी देवाला देत होते. त्याचं ते गटारात ओतायची परवानगी तुम्ही कुणाला विचारलीत?"

पाळकसाहेबांनी हात जोडल्यासारखे केले आणि पुन्हा सोडले.

"पण मी वास घेऊन करते," ती म्हणाली, आता कुणाला उद्देशून नाही. "वासात चूक कशी होईल?"

शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, तुम्हाला वास येत नाही."

"काहीतरी बोलू नकोस."

"परवा तुमच्याकडे आले होते ना मी? दूध करपलं होतं. घरभर वास. तुम्ही शेगडीच्या शेजारी बसून भोपळा चिरत होतात. भाऊजी उठले, गॅस बंद केला आणि पातेलं मागच्या मागे घासून ठेवलं."

आलेबाईनं नवऱ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या ओठांवरचं कुलूप तसंच होतं.

घरी जाताना दोघं बसमध्ये पुढेमागे बसले. घरी आल्यावर तिनं शाल काढली, खुंटीला लावली आणि विचारलं, "तुम्हाला माझं नाक गेल्याचं कधी कळलं?"

"हळूहळू कळलं."

"आणि मला कधी कळणार होतं?"

तो खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. "अगं, तुझ्याकडे दुसरं होतं काय? पोरं आपापल्या संसारात गेली. इस्पितळात दुसऱ्यांच्या चादरी. एक ते पातेलं होतं. सकाळी जाताना तुझा चेहरा कसा असायचा ते तू बघितलं नाहीस. मी बघितलंय."

"म्हणून किल्ली करून दिलीत."

"धाकटी मागायला आली. मी म्हटलं, निदान तिला कळायला नको."

"अहो, चोराला किल्ली करून देणारा निदान मजुरी घेतो. तुम्ही फुकट दिलीत." तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. "मी इतकी वर्षं एक घोट प्यायले नाही. उपवास म्हणून. आणि तुम्ही सगळे तिकडे साखरेचं पाणी पीत होतात, मला छान म्हणत होतात. उपवास माझा आणि ढोंग तुमचं, एकाच छपराखाली."

रात्री त्यानं सुपात गरम पाणी ओतलं नाही. तिखटानं त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं तरी तो पीत राहिला. तिला ते बघून दया आली नाही. पूर्वी आली असती.

सोमवारी लाँड्रीत बॉयलर सुरू झाला होता. बायका तोंडाला फडकी बांधत होत्या. कुणी बघत नाही असं पाहून आलेबाईनं ब्लीचिंग पावडरीचा डबा उघडला आणि तोंड आत नेलं. पातेल्यावर नेते तसंच. डोळे मिटले, श्वास ओढला. डोळ्यांना झोंबलं, पाणी आलं. नाकात काही आलं नाही. रिकाम्या खोलीत हाक मारावी तसं.

"अगं ए, मरायचंय का?" शेजारच्या बाईनं तिला खांद्याला धरून मागे ओढलं. "लोखंडी नाकवाली!"

बाकीच्या हसल्या. या वेळी ती हसली नाही.

लोखंडी नाक. म्हणजे हे कित्येक वर्षं ती स्वतःच सगळ्यांना सांगत होती, आणि तिलाच ऐकू आलं नव्हतं. आणि भाजीवाल्याचं आलं तर बिचारं नीटच होतं. तिला त्याची माफी मागावीशी वाटली. बाकी कुणाची नाही. कुणी तिची मागावी अशीही इच्छा नव्हती, कारण माफी मागितली की ती द्यावी लागते, आणि ती द्यायची तिची तयारी नव्हती. प्रार्थनेत तिनं हे देवाला तसंच सांगितलं. ती विचारत राहिली, तू तरी ते घेतलंस का? गटारातलं? उत्तर आलं नाही. वाट बघायची तिला सवय होती, पण या वेळी वाट बघणं जड गेलं.

आठवडाभर फडताळात वाळलेल्या नासपतीची बरणी तशीच होती. कुलूपवाल्यानं शनिवारी विचारलं, "उद्या जाणार आहेस?"

"पातेलं माझं आहे अजून. कुणी मागितलेलं नाही."

रविवारी पहाटे ती गेली. बरणी तिनं घरीच ठेवली. मागच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवली, पातेल्यात पाणी ओतलं आणि ते उकळू दिलं. आलं नाही, साल नाही, मध नाही. झाकण काढून वाफेत तोंडही नेलं नाही. लाँड्रीत तिनं सांगून ठेवलं होतं, आज उशीर होईल. उपासना संपली, तशी तिनं स्वतः थर्मास भरले, गाडीवर ठेवले आणि बोळातून निघाली. सामानाच्या खोलीच्या दारात धाकटी आपला थर्मास छातीशी धरून उभी होती.

"ताई, मी... असू दे म्हणून आणलंय. लागलं तर."

"ये मागून," आलेबाई म्हणाली.

हॉलच्या दाराशी एक बाई बॅग घेऊन बसली होती. बसची वाट बघताना गारठली म्हणून आत आलेली, कुणाच्या ओळखीची नव्हती. नियमाप्रमाणे पहिला कप तिला. तिनं दोन्ही हातांनी कप धरला, घोट घेतला आणि भाबडेपणानं वर पाहिलं.

"बाई, हे नुसतं गरम पाणी आहे हो."

"हो. नुसतंच आहे."

"असू दे. हात तरी शेकतात."

आलेबाईनं तिचा कप पुन्हा काठोकाठ भरला. मग ती रांगेनं निघाली. गेल्या रविवारची गोष्ट एव्हाना घरोघरी पोचली होती. लोक कप घेताना तिच्या डोळ्यांत बघत नव्हते. ती मात्र प्रत्येकाच्या बघत होती. घोट घेईपर्यंत समोरून हलत नव्हती. पेटीवाल्या मास्तरीणबाईंनी घोट घेतला, ओठ चाटले आणि जुन्या सवयीनं म्हणाल्या, "आज जरा सौम्य झालंय. पण छान आहे हो."

कुणीतरी खोकलं. मास्तरीणबाईंनी कपात पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा झाला.

"आहे ना छान?" आलेबाई म्हणाली आणि पुढे गेली.

पाळकसाहेबांनी उभ्यानं सगळं पाणी पिऊन कप परत दिला. घंटामामानं कप घेतला तो जमिनीकडे बघत.

शेवटच्या रांगेत कुलूपवाला होता. त्यानं कप घेतला, घोट घेतला.

"छान—" त्याच्या तोंडून निघालं. निघालं तसं त्याला कळलं. तो तिथेच अडला.

ती थांबली.

"पाणी आहे," तो म्हणाला.

"कळलं ना?"

"कळलं."

"मग सांगायला काय जातं?"

तिनं पदराच्या गाठीतून किल्ली काढली, लाल फितीसकट, आणि त्याच्या मोकळ्या तळहातावर ठेवली. मग तिथून वळली. धाकटी मागे थर्मास धरून उभीच होती, तो तिनं उघडला नव्हता. आलेबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, काहीतरी म्हणावं, निदान "ठेव तो खाली, हात दुखतील" एवढं तरी. तेही तोंडी आलं नाही.

मागच्या स्वयंपाकघरात येऊन तिनं पातेल्यात उरलेलं पाणी एका कपात घेतलं. इतक्या हिवाळ्यांत या खोलीत तिनं घेतलेला हा पहिला कप. तोंडाशी नेला. वास नव्हता, चव नव्हती, त्यात असायचंही काही नव्हतं. घोट घशाखाली उतरला, आणि ऊब कुठेकुठे जाते ते मात्र तिला नीट कळलं. गळा, छाती, पोट. तिनं उभ्यानंच कप संपवला.

मागच्या दारात घंटामामा घुटमळत होता. "बाई, ती भिंत... उद्या चुना मारून घेतो. दिसायला बरं नाही."

आलेबाईनं दाराबाहेर पाहिलं. गटाराच्या वर, गुडघ्याएवढा, तपकिरी.

"मारू नका," ती म्हणाली. "दिसू दे."

मग तिनं शाल घेतली आणि बस धरायला निघाली.